‘बेसब्री’ला मराठीत काय म्हणायचं? अधीर, उतावळा, आतुर आणि त्यांच्या गोतावळ्यातले शब्द कसे वापरायचे

मुंबईहून येणारी अवंतिका एक्स्प्रेस लेट आहे. इंदूरच्या फलाटावर एक मराठी कुटुंब उभं आहे. आजी म्हणते, ‘‘गाडी येईना गं अजून.’’ सून म्हणते, ‘‘मला तर कधी एकदा ताई दिसते असं झालंय.’’ आणि नातू म्हणतो, ‘‘मी किती बेसब्रीने इंतजार करतोय!’’

तिघांची भावना एकच आहे. नातवाचं वाक्य इंदुरात कुणालाही कळेल, त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. पण आजीच्या आणि सुनेच्या वाक्यात अधीरता दाखवणारं एकही नाम नाही, तरी अधीरपणा काठोकाठ भरलेला आहे, हे लक्षात घ्या. मराठी माणूस घरात ‘मला अधीरता वाटते’ असं बोलत नाही. ही भावना मराठीत मुख्यतः क्रियापदांतून आणि वाक्याच्या घडणीतून व्यक्त होते. हिंदीच्या शेजारात राहणाऱ्या आपल्या मराठीतून सगळ्यात आधी निसटतं ते नेमकं हेच, कारण ‘बेसब्री’, ‘इंतजार’, ‘जल्दी’ ही तयार नामं तोंडाशी हजर असतात आणि त्यांना ‘करणे’ जोडलं की काम भागतं. म्हणून इथे सुरुवात क्रियापदांपासून केली आहे. शब्दांची निवड त्यानंतर.

पहिली गोष्ट: ‘येत नाही’ आणि ‘येईना’

‘गाडी येत नाही’ ही माहिती झाली. ‘या फलाटावर ती गाडी येत नाही’ असंही आपण म्हणतो, आणि त्यात वाट पाहणं कुठेच नसतं. ‘गाडी येईना’ म्हटलं की कुणीतरी ताटकळत उभं आहे आणि गाडी जणू हट्टाने येत नाही, हे दोन्ही एका शब्दात आलं.

रूप करायला सोपं आहे. धातू स्वरान्त असेल तर ‘ईना’ लावायचं: ये–येईना, हो–होईना, जा–जाईना, दे–देईना. धातूच्या शेवटी व्यंजन ऐकू येत असेल तर ‘एना’: निघ–निघेना, संप–संपेना, उकळ–उकळेना, सुच–सुचेना. अनेकवचनाला शेवटी ‘त’ येतो: पाहुणे निघेनात, पोहे संपेनात. भूतकाळातली गोष्ट सांगतानाही हेच रूप चालतं: ‘रात्री दोन वाजले तरी झांकी (मिरवणुकीतला देखावा) राजवाड्यापर्यंत येईना.’

चूक होते ती लिहिताना. ‘ये ना!’ ही विनवणी आहे आणि त्यातले दोन शब्द सुटे लिहायचे. ‘येईना’ हा एकच शब्द, जोडून लिहायचा. ‘गाडी येई ना’ असं तोडून लिहिलं की वाचणारा अडखळतो.

दुसरी: ‘राहवत नाही’

‘मुझसे रुका नहीं जाता’ हे हिंदी वाक्य कानात इतकं मुरलेलं असतं की त्याचं ‘माझ्याकडून थांबलं जात नाही’ असं मराठी होऊन बसतं. मराठीत यासाठी शक्य क्रियापद आहे, आणि ते फार छोटं आणि फार नेमकं आहे: ‘मला थांबवत नाही.’ धातूला ‘व’ जोडायचा आणि ज्याला जमत नाही त्याला ‘ला’ किंवा ‘ने’ लावायचा. मला बसवत नाही, तिला बघवत नाही, त्याला धीर धरवत नाही, माझ्याने आता उभं राहवत नाही.

इथे एक खड्डा आहे. ‘थांबवणे’ म्हणजे दुसऱ्याला थांबायला लावणे, असंही एक क्रियापद आहे. म्हणून ‘मी थांबवत नाही’ म्हणजे मी कुणाला किंवा कशाला अडवत नाही. ‘मला थांबवत नाही’ म्हणजे माझ्यात थांबण्याची ताकद उरली नाही. सगळा फरक ‘मी’ आणि ‘मला’ एवढाच. बोलताना घाईत ‘मी थांबवत नाही’ गेलं की अर्थ उलटाच होतो.

या गटातलं सगळ्यांत कामाचं रूप म्हणजे ‘राहवत नाही’. राहण्याशी, वास्तव्याशी त्याचा संबंध नाही. मनात आलेलं बोलल्यावाचून, केल्यावाचून चैन नाही, असा त्याचा अर्थ. ‘राहवलं नाही म्हणून फोन केला’ या वाक्यात प्रेम, काळजी, अधीरपणा सगळं एकत्र आहे. त्याचं हिंदी भाषांतर ‘रहा नहीं गया’ असं जवळपास जमतं, पण ‘बेसब्री’ने ते जमत नाही. आणि ही दोन्ही रूपं एकत्र केली की ‘राहवेना’ मिळतं: शक्य क्रियापदाचं ‘एना’ रूप. अख्ख्या मराठीत अधीरतेला इतका चपखल बसणारा दुसरा शब्द सापडणं कठीण.

तिसरी: ‘कधी एकदा … असं झालंय’

सुनेचं वाक्य पुन्हा बघा: ‘मला कधी एकदा ताई दिसते असं झालंय.’ या घडणीचे तीन भाग आहेत. ज्याला घाई झाली आहे त्याला ‘ला’. मध्ये ‘कधी एकदा’ आणि वर्तमानकाळातलं क्रियापद. शेवटी ‘असं झालंय’. मुलांना कधी एकदा परीक्षा संपते असं झालंय. बाबांना कधी एकदा घरी जाऊन पाठ टेकतो असं झालं होतं. मधलं क्रियापद वर्तमानकाळातच ठेवा. ‘कधी एकदा संपेल असं वाटतंय’ हे चुकीचं नाही, पण भविष्यकाळ आणि ‘वाटतंय’ आले की वाक्याची धार जाते. ते विचार केल्यासारखं ऐकू येतं. ‘झालंय’मध्ये माणूस त्या अवस्थेत बुडालेला असतो.

बोलणारा स्वतःबद्दल बोलत असेल तर मधलं क्रियापद त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं: बाई म्हणणार ‘कधी एकदा घरी पोचते असं झालंय’, पुरुष म्हणणार ‘पोचतो’.

‘इंतजार करणे’ची गरज या तिन्ही ठिकाणी पडलीच नाही. जिथे खरंच क्रिया सांगायची असेल तिथे ‘वाट पाहणे’ किंवा ‘वाट बघणे’. ‘रास्ता देखना’वरून ‘मी तुझा रस्ता बघत होते’ असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं; त्याने अर्थ कळतो, पण पुण्याहून आलेली मावशी रस्त्याकडे पाहायला लागते. दुसऱ्याला ताटकळत ठेवलं तर ‘वाट पाहायला लावली’. इथे ‘पाहायला’ गाळू नका. ‘वाट लावली’ म्हणजे नासाडी केली.

घाई कुणाची, तातडी कशाची

आता नामांकडे. ‘जल्दी’ या एका शब्दाच्या जागी मराठीत निदान तीन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. घाई माणसाला असते. तातडी कामाला असते. उतावळेपणा स्वभावात असतो.

‘मला घाई आहे’ म्हटलं तर त्यात दोष नाही. गाडी सुटायची असेल. ‘तातडीचं काम आहे’ म्हटलं तर माणूस शांत असू शकतो, काम थांबू शकत नाही. डॉक्टरने तातडीने शस्त्रक्रिया केली ही चांगली गोष्ट. डॉक्टरने घाईने शस्त्रक्रिया केली म्हटलं तर नातेवाइकांच्या पोटात गोळा येईल. अर्ज, तक्रार, कार्यालयीन पत्र लिहिताना हा फरक पाळा: ‘कृपया घाई करावी’ असं लिहिणं उद्धट दिसतं, ‘कृपया तातडीने लक्ष घालावे’ हे योग्य. हिंदी सरकारी पत्रातलं ‘यथाशीघ्र’ उचलण्यापेक्षा ‘शक्य तितक्या लवकर’ लिहा, ‘अविलंब’पेक्षा ‘विनाविलंब’.

‘उतावळा’ हा शब्द मात्र जपून वापरावा. तो माणसाच्या एका वेळच्या वागण्यावर न थांबता त्याच्या प्रकृतीवर बोट ठेवतो. ‘तुम्ही घाई करताय’ हे सांगणं झालं, ‘तुम्ही उतावळे आहात’ हा शेरा झाला. म्हण तर सगळ्यांना पाठ आहे: उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. बाशिंग बांधायचं कपाळाला. ज्याला तेवढाही धीर नाही तो हाताशी येईल तिथे बांधतो. उतावळेपणाची सगळी व्याख्या या चित्रात आहे: वेगाबद्दल तक्रार नाही, पण वेगापायी जागा चुकते, क्रम चुकतो. ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’मध्येही क्रमच चुकलेला आहे. ‘पी हळद आणि हो गोरी’मध्ये फळाची घाई आहे. कुणाचं काय चुकतं आहे ते पाहून म्हण निवडा. तिन्ही एकाच अर्थाच्या म्हणून फेकू नयेत.

या शब्दांचं लग्नाशी जुनं नातं आहे. बाशिंग झालंच. ‘लगीनघाई’ हा शब्द लग्नाचा असून आता निवडणुकीलाही चालतो. आणि ‘तारांबळ’ हा मंगलाष्टकांच्या शेवटच्या ‘ताराबलं चंद्रबलं तदेव’वरून आला असं सांगतात: तो श्लोक कानावर पडला की मुहूर्त आलाच, आणि मांडवभर एकच पळापळ. तारांबळ ‘उडते’, धांदलही ‘उडते’. घाई मात्र सहसा उडत नाही, ती ‘होते’ किंवा ‘असते’ किंवा आपण ‘करतो’. लगबग यांच्यापेक्षा प्रसन्न: सणाच्या दिवशी घरात लगबग असते, तिच्यात त्रागा नसतो.

बडोद्याला ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. गुजरातीत ‘उतावळ’ म्हणजे साधी घाई, त्यात दोष नाही. ‘उतावळे आंबा न पाके’ ही तिथली म्हण, म्हणजे घाई केली म्हणून आंबा पिकत नाही. तिथल्या मराठी घरात कुणी ‘मला उतावळ आहे’ म्हणालं तर ते स्वतःच्या स्वभावाबद्दल काही कबूल करत नाहीत, त्यांना फक्त निघायचं आहे.

आणि ‘गडबड’. मराठीत ‘मी गडबडीत आहे’ म्हणजे घाईत आहे. ‘गडबड करू नका’ म्हणजे गोंगाट किंवा घाई करू नका. हिंदीत ‘गड़बड़’ म्हणजे घोटाळा, बिघाड. मराठीतही ‘काहीतरी गडबड आहे’ चालतं, पण इंदुरात दुकानदाराला मराठीमिश्रित हिंदीत ‘भैया, ज़रा गड़बड़ में हूँ’ म्हणालात तर तो तुमच्याकडे काळजीने बघेल.

अधीर, आतुर, उत्सुक, उत्कंठित

हे चार संस्कृतातून आलेले. चौघांच्याही मागे ‘साठी’ चालतं (भेटीसाठी अधीर, दर्शनासाठी आतुर), त्यामुळे ते अदलाबदलीचे वाटतात. तसे ते नाहीत.

‘अधीर’ म्हणजे ज्याचा धीर सुटला आहे तो. यात हवंहवंसेपण आहे आणि थोडी अस्थिरताही. चांगल्या-वाईट दोन्ही गोष्टींसाठी चालतो: लेकराला पाहायला अधीर, निकाल ऐकायला अधीर. निंदा नाही, कौतुकही नाही. ‘बेसब्र’ला एकच शब्द हवा असेल तर हाच.

‘आतुर’मध्ये दुखणं आहे. संस्कृतात आतुर म्हणजे रुग्ण, पीडित. आयुर्वेदात रुग्णाला आतुरच म्हणतात, आणि मरणासन्न अवस्थेत घेतात तो आतुरसंन्यास. चिंतातुर, शोकातुर, कामातुर या शब्दांत तो जुना अर्थ अजून जिवंत आहे: चिंतेने ग्रासलेला, शोकाने व्याकूळ. म्हणून ‘दर्शनासाठी आतुर’ म्हटलं की त्या ओढीत जिवाला लागलेलं काहीतरी असतं. लग्नपत्रिकेत ‘आपल्या आगमनाची आतुरतेने वाट पाहत आहोत’ हे शोभतं. ‘नव्या मोबाइलसाठी आतुर’ हे जरा जास्त झालं. तिथे ‘उत्सुक’ घ्या.

‘उत्सुक’ सगळ्यांत निरोगी. त्यात त्रास नाही, कुतूहल आणि उमेद आहे. त्यामुळे कामाच्या पत्रात, नोकरीच्या अर्जात हाच सुरक्षित: ‘आपल्या संस्थेत काम करण्यास मी उत्सुक आहे.’ इथे ‘अधीर’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, याला धीर नाही. ‘आतुर’ लिहिलंत तर वाटेल, याला नोकरीची फारच नड आहे. ‘उत्सुकता’ला तीन क्रियापदं येतात: उत्सुकता असते, वाटते, लागते. ‘ताणली जाते’ तेव्हा कुणीतरी मुद्दाम ताणत असतं.

‘उत्कंठा’ हा शब्द डोळ्यांसमोर आणायचा तर अनंत चतुर्दशीची इंदूरची रात्र आठवा. गिरण्यांच्या झांक्या निघालेल्या आहेत, दुतर्फा गर्दी, पुढे काही दिसत नाही, दूरवर दिव्यांचा झगमगाट हलतो आहे आणि मागे उभा असलेला प्रत्येक जण टाचा उचलून गळा ताणतो आहे. ‘उत्’ म्हणजे वर, ‘कंठ’ म्हणजे गळा. ती मान उंचावलेली अवस्था म्हणजे उत्कंठा. म्हणून ती नेहमी पुढे काय येणार याची असते, आणि जे येणार ते अजून दिसलेलं नसतं. रोजच्या जेवणाची उत्कंठा नसते. क्रिकेटच्या शेवटच्या षटकाची असते.

ती ‘शिगेला पोहोचते’. शीग म्हणजे धान्य मोजताना मापाच्या काठावर उभा राहतो तो शंकूसारखा ढीग. माप भरलं, वर ढीग चढला, आता एक दाणा टाकला तरी ओघळणार. ती अवस्था. त्यामुळे ‘उत्कंठा हळूहळू शिगेला पोहोचू लागली’ हे वाक्य तितकंसं बरोबर नाही. हळूहळू ती वाढते, शिगेला पोहोचली की मग ओसंडायचीच राहते.

शरीरात दिसते ती

काही शब्द मनाचं नाव न घेता अंग दाखवतात. गोष्ट किंवा अनुभव लिहिणाऱ्यांनी ‘तो अधीर झाला’ लिहिण्याआधी हे पाहावेत. बसल्या जागी सरकणं, हात-पाय हलवणं ही चुळबूळ. उठून इकडून तिकडे चालणं म्हणजे येरझाऱ्या घालणं. दोन विचारांत जीव खाली-वर होतो ती घालमेल. तगमग घालमेलीपेक्षा तापलेली असते, उन्हाच्या तलखीसारखी. हुरहूर हळवी आणि मंद. मूल परगावी जाणार असेल तर आदल्या रात्री आईला लागते ती. तळमळ जपून वापरा, कारण तिला कौतुकाचा अर्थही आहे: तळमळीचा कार्यकर्ता म्हणजे मनापासून काम करणारा, अधीर माणूस नव्हे.

घायकुतीला येणं म्हणजे वाट पाहण्याची सहनशक्ती संपून माणूस काकुळतीला येणं. थंडीतल्या रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) कढईसमोर पोर उभं आहे. तुकडे तेलात आहेत, वास सुटला आहे, जीरावन मसाल्याचा डबा उघडा आहे. ते आधी उत्सुक असतं, मग चुळबूळ करतं, मग ‘झालं का?’ विचारत राहतं, मग बाबांची बाही ओढू लागतं. बाही ओढण्यापर्यंत पोचलं की घायकुतीला आलं म्हणायचं. आणि तुकडा हातात आल्यावर तो निवायच्या आधीच तोंडात टाकून जीभ भाजली, तर त्यासाठी वेगळी म्हण तयार आहे: शिजेपर्यंत दम निघतो, पण निवेपर्यंत निघत नाही. वाट पाहण्यातला शेवटचा छोटा तुकडाच सगळ्यात अवघड असतो, हे ज्याने पहिल्यांदा ओळखलं त्याने स्वयंपाकघर बारकाईने पाहिलेलं होतं.

‘हातघाई’ला मात्र यात घेऊ नका. ‘प्रकरण हातघाईवर आलं’ म्हणजे मारामारीपर्यंत गेलं.

उलट बाजू: धीर, धैर्य, दम, सबुरी

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठीत सगळ्यांत जास्त फसवणारा शब्द म्हणजे ‘धैर्य’. हिंदीत ‘धैर्य रखिए’ म्हणजे थांबा, धीर धरा. मराठीत धैर्य म्हणजे हिंमत, शौर्याच्या जवळचं. ‘कृपया धैर्य रखें’ या पाटीचं ‘कृपया धैर्य ठेवा’ केलं तर मराठी वाचक घाबरतो: आत असं काय आहे की हिंमत लागावी? तिथे ‘कृपया थोडे थांबा’ एवढं पुरतं. ‘व्यग्र’चंही असंच. हिंदीत व्यग्र म्हणजे बेचैन, अधीर. मराठीत ‘ते कामात व्यग्र आहेत’ म्हणजे गुंतलेले आहेत.

‘धीर’ या एका शब्दात मराठीने हिंमत आणि सबुरी दोन्ही ठेवल्या आहेत आणि कोणती हवी ते क्रियापद ठरवतं. धीर धर: थांब. धीर दे: उभारी दे. धीर सुटला: आशा किंवा सहनशक्ती संपली. धीर होत नाही: हिंमत होत नाही. धीर निघत नाही: थांबवत नाही. धीर चेपला: भीड मोडली. नवशिक्याने ही सहा वाक्यं पाठच करावीत; ‘धीर होत नाही’ आणि ‘धीर निघत नाही’ यांची अदलाबदल झाली की भित्रा माणूस उतावळा होतो आणि उतावळा भित्रा.

‘दम’ही तसाच. दम धर म्हणजे थांब, दम खा म्हणजे विसावा घे, दम दे म्हणजे धाक घाल. मुलाला ‘जरा दम धर’ म्हणायचं असताना ‘जरा दम दे’ म्हटलं तर तो कुणाला तरी दटावायला जाईल.

‘सब्र’ म्हणायची सवय असेल तर फार लांब जायला नको. मराठीतली ‘सबुरी’ त्याच अरबी शब्दाची लेक आहे आणि शिर्डीच्या साईबाबांच्या ‘श्रद्धा आणि सबुरी’मुळे घरोघरी पोचलेली आहे. ‘सब्र कर’ऐवजी ‘सबुरीने घे’. एकट्या ‘सबूर!’चा अर्थ आहे त्या जागी थांब.

याहून घरगुती ‘कळ काढ’. कळ म्हणजे दुखण्याची सणक, ती सोसायची. म्हणून ‘थोडी कळ काढ, जेवण होतंच आहे’ यात थांबायला त्रास होतो आहे हे बोलणाऱ्याने मान्य केलेलं असतं. ‘धीर धर’मध्ये उपदेश आहे, ‘कळ काढ’मध्ये माया. भुकेल्या माणसाला दुसरं म्हणावं. संयम मात्र यांच्यापेक्षा वेगळा: तो राग, वासना, जीभ यांवर ठेवायचा असतो. रांगेत संयम सुटला म्हणजे भांडण झालं. रांगेत धीर सुटला म्हणजे रांग सोडून घरी गेला.

कुणाला कसं म्हणायचं

अधीरपणा दुसऱ्यावर काढतानाचे शब्द नात्याप्रमाणे बदलतात. धाकट्या भावाला ‘आटप लवकर’, ‘पाय उचल’ चालतं. बरोबरीच्याला ‘आवरलं का?’ आजीला, सासूबाईंना, काकांना आज्ञार्थ नकोच, आदरार्थी ‘आटपा’सुद्धा टोचतं. तिथे मराठीची रीत अशी की दोष वेळेवर टाकायचा: ‘आई, उशीर होतोय हं’, ‘काका, निघू या ना?’ हिंदीतल्या ‘जल्दी कीजिए ना’चं शब्दशः ‘लवकर करा ना’ करू नका; ‘कीजिए’चा गोडवा त्यात उतरत नाही आणि तेच वाक्य मराठीत हुकूम होतं.

आटपणे, आवरणे, उरकणे यांतही फरक आहे. आवरणे म्हणजे तयार होणं किंवा पसारा नीट करणं. आटपणे म्हणजे चाललेलं संपवणं. उरकणे म्हणजे एकदाचं पार पाडणं, आणि त्यात मन नसल्याची छटा येते. ‘पूजा आटपली’ ठीक. ‘पूजा उरकली’ आजीसमोर म्हणू नये.

लिहिताना हमखास चुकणारं

‘आतुर’, ‘उत्सुक’ हे तत्सम, दोन्हींत उ ह्रस्व, ‘आतूर’ चूक. ‘अधीर’मध्ये ई दीर्घ आणि रूप बदललं तरी दीर्घच: अधीराला, अधीरपणे. ‘उतावीळ’ मात्र मराठी वळणाचा, म्हणून त्याचं सामान्यरूप ह्रस्व होतं: उताविळाला. हुरहूर, चुळबूळ एकट्याने दीर्घ, प्रत्यय लागला की ह्रस्व: हुरहुरीने, चुळबुळीने. सबूर, पण सबुरी. ‘कुतूहल’मध्ये तू दीर्घ. ‘उत्कंठा’त ठ, ट नव्हे. ‘उतावळा’ लिंगवचनाने बदलतो (उतावळी, उतावळे, उतावळ्या मुलाला), अधीर आणि आतुर बदलत नाहीत.

हात बसण्यासाठी

रोज कानावर पडणारं एक हिंदी वाक्य घ्या आणि त्याचं मराठी करताना हा क्रम ठेवा: आधी ‘एना’, ‘वत नाही’, ‘कधी एकदा’ यांपैकी एखादी घडण बसते का बघा, नाही बसली तर वेळ, काम, स्वभाव, मन, शरीर यांपैकी अधीरपणा कुठे आहे ते ठरवून नाम निवडा, शेवटी ऐकणारा कोण ते पाहून क्रियापद नरम करा. नमुन्यादाखल:

‘बच्चे गेर देखने के लिए बेसब्र हो रहे हैं।’ रंगपंचमीची सकाळ, गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघायची आहे, मुलं दारात. ‘मुलांना कधी एकदा गेर बघायला जातो असं झालंय.’

‘इतनी भी क्या जल्दी है?’ ‘एवढी कसली घाई?’ आणि थोरांना: ‘बसा हो, एवढी काय गडबड आहे?’

‘उसने जल्दबाज़ी में फैसला ले लिया।’ इथे दोष सांगायचा आहे: ‘त्याने उतावळेपणाने निर्णय घेतला.’ ‘लगेच निर्णय घेतला’ म्हटलं तर स्तुती होईल.

‘अब और इंतज़ार नहीं होता।’ ‘आता नाही थांबवत.’

‘आपके जवाब का बेसब्री से इंतज़ार रहेगा।’ मैत्रिणीला: ‘तुझ्या उत्तराची वाट बघतेय, लवकर लिही.’ कार्यालयाला: ‘आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत.’ नव्या सोयरिकीच्या घरी, होकाराची वाट पाहताना: ‘आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलो आहोत.’